आडवी पट्टी

तेलगावहून लखन आला, तेव्हा मशीनवरची ताडपत्री निघून चार दिवस झाले होते. मोटारसायकल बाभळीखाली लावता लावताच त्याची नजर शेडकडे गेली आणि तो जागीच थबकला. मागं बसलेली त्याची बायको रोहिणी उतरायची राहिली.

साखराबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. उजव्या हाताला अंगठा तेवढा उरलेला, बाकीची चार बोटं मुळापासून गेलेली. पण नऊ वर्षांत तळव्याच्या कडेनं भाकरी फिरवायची तिनं अशी सवय लावून घेतली होती की परक्या माणसाच्या पटकन लक्षातही येऊ नये. दिराला असं उभं बघितलं आणि तिच्या हातातली भाकरी मधोमध फाटली.

"वैनी," लखन अंगणातनंच म्हणाला, "कुट्टीची मशीन कुणी काढली भायेर?"

"सुकन्यानं. कालिजच्या प्रोजेक्टला पायजे म्हणली."

"कुणाला इचारून?"

साखराबाईनं फाटलेली भाकरी पुन्हा गोळा केली. विचारलं होतंच कुणाला? मेंढरं वाटली तेव्हा सासूनं जिवंतपणी प्रत्येकाला आपापलं घेऊन जा म्हणून सांगितलं होतं. लखननं आपली मेंढरं विकून तेलगावला वेल्डिंगचं दुकान टाकलं, भांडीकुंडी नेली, पलंग नेला. मशीन मात्र नेली नाही. तिचा नवरा धुळाजी म्हणाला, त्याची त्यानं आणलेली, त्याच्याच नावानं सडू द्या. दोघंही बापाचे लेक. सहा वर्षं झाली, एका पंगतीला बसले नव्हते. आज लखन आला तो तिच्या लेकीनं, सुकन्यानं, फोनवर गळ घातली म्हणून. काय दाखवणार ते मात्र पोरीनं सांगितलं नव्हतं.

हातात पाना, कोपरापर्यंत काळं ग्रीस, अशी सुकन्या शेडमधून बाहेर आली. बीडला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. मेकॅनिकलला वर्गात दोनच मुली, त्यातली ही एक. "काका, मीच काढली. तुमाला सांगितलं असतं तर तुमी आला नसता."

"भंगारात घालायची ती वस्तू. आत्ताच्या आत्ता झाक."

"उद्या सर येणारेत बघायला. परीक्षा हाय माझी."

"दुसऱ्या कशावर कर. जगात मशीनी संपल्या का?"

"माझ्या आईचा हात दुसऱ्या मशीनीत गेला न्हाई काका."

लखनचं तोंड उतरलं. रोहिणी खाली उतरली, पदर सावरून नवऱ्याच्या बाजूला उभी राहिली आणि हळूच म्हणाली, "चला ना, बसू तरी. पोरीनं एवढ्या आशेनं बोलवलंय." पण लखनच्या नजरेत जे होतं ते साखराबाईला रागाचं वाटलं नाही. रागावलेला लखन तिनं पुष्कळदा बघितला होता. तो हात उडवायचा, आवाज चढवायचा. आज त्याचा आवाज खाली होता आणि हात खिशात होते. हा भ्याला होता. कशाला भ्याला असेल, हे तिला कळेना.

तेवढ्यात धुळाजी मेंढरांच्या वाघराकडनं आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी. भावाला बघून त्यानं रामराम घातला नाही, काठी भिंतीला टेकवली आणि मोठ्यानं म्हणाला, "सुकन्या, दाखीव गं तुझ्या काकाला. त्यानं आपल्या हातानं आणलेल्या मशीनीनं काय केलं, आन माझ्या लेकीनं तिला कशी माणसात आणली. बगू दे."

"दादा, मी भांडायला आलो न्हाई," लखन म्हणाला.

"मग बस गुमान."

*

अकरापर्यंतच लाईट होती, म्हणून चहासुद्धा न घेता सगळे शेडमध्ये गेले. साखराबाई उंबऱ्याशी थांबली. नऊ वर्षांत या चार पत्र्यांखाली तिनं पाऊल टाकलं नव्हतं. म्हशीला वैरण ती विळ्यावर तोडून घालायची, नाहीतर आख्खा कडबा टाकायची आणि म्हैस निम्मा तुडवायची. शेजारणी हसायच्या.

मशीन तीच होती. पत्र्याची पन्हळ, तिच्या तोंडाशी कडबा आत ओढणारे दोन दातेरी रूळ, त्याच्यामागं पात्यांचं मोठं चाक आणि डाव्या बाजूला गिअरचा दांडा. दांडा मधे आणला की रूळ थांबायचे, मागं केला की उलटे फिरायचे. सुकन्यानं गंज घासून काढला होता, नवा पट्टा घातला होता. आणि पन्हळीच्या पुढं, उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर, लोखंडाची एक आडवी पट्टी बसवली होती. तिच्यावर सायकलच्या टायरचं रबर गुंडाळलेलं होतं.

"बगा आता," सुकन्या म्हणाली. तिचा आवाज वर्गात बोलल्यासारखा होऊ लागला, मग तिचं तिलाच हसू येऊन घरच्यासारखा झाला. "माणूस काम करून करून थकतं. डोळा लागतो. तोल पुढं जातो आन हात रूळात जातो. आईचं तसंच झालतं. पर तोल पुढं गेला की छाती ह्या पट्टीवर येती का न्हाई? पट्टी दबली की ही केबल दांडा वढती, रूळ सुटतेत आन मागं ब्रेक चाकाला धरतो. नुसतं बटण बंद करून भागत न्हाई. लाईट गेली तरी चाक पाच-सात फेरे मारतंच. म्हून ब्रेक."

धुळाजीच्या जुन्या सदऱ्याची बाही तिनं ओल्या भुशानं गच्च भरली होती. हाडाच्या जागी उसाचं कांडं घातलं होतं. ती बाही तिनं आपल्या हातासारखी धरली आणि मशीन सुरू केली.

तो आवाज ऐकला आणि साखराबाईनं चौकटीचा खांब धरला.

कडब्याची पेंढी आत गेली. पात्यांनी कराकरा तुकडे केले. सुकन्यानं बाही रूळांजवळ नेली, डोळे मिटले आणि झोपेत झुकावं तसं अंग पुढं सोडलं. खट् झालं. रूळ थांबले. चाक अर्धा फेरा फिरून थबकलं. बाहीच्या टोकाला दाताचे वण तेवढे उमटले होते.

"अगं बया!" रोहिणीच्या तोंडून निघालं.

पुन्हा केलं. पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा धुळाजीनं स्वतः केलं आणि तिसऱ्यांदाही थांबली. धुळाजीच्या अंगात हत्तीचं बळ आलं. "हाय का न्हाई हिकमत? शिकलेल्या माणसाची नजर म्हंत्यात ती ही! लखन, तुला धा हजारात भंगार इकलं कुणी तरी, आन तू ते माझ्या दारात आणून ठेवलं. बायकूचा हात गेला माझ्या. तवाच अशी एक पट्टी असती तर?"

"तसंच म्हण," लखन म्हणाला. त्यानं मशीनकडे एकदाही नीट बघितलं नव्हतं. "झालं ना? दाखवलं ना? आता झाका."

"झाका कावून? आता तर गावात बसवायच्या."

कुंपणापलीकडनं करिष्मा बघत होती. शेजारच्या बजरंगची सून, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती लाजत लाजत म्हणाली, "सुकन्याताई, आमच्याबी मशीनीला बसवताल का? मला लई भ्या वाटतं. मामंजी म्हंतेत, पेंगू नकू म्हंजी झालं."

"उद्याच बसवू की!" धुळाजी म्हणाला. "सर आले की त्यांच्यासमोरच. सांग तुझ्या सासऱ्याला."

करिष्मा हसली. कुंपणाच्या तारेवर तिनं दोन्ही हात ठेवले होते. दहा बोटं. साखराबाई त्या हातांकडे बघत राहिली.

*

पेंगली नव्हती ती. त्या दिवशी साखराबाईचा डोळा एक पापणीभरसुद्धा लागला नव्हता.

म्हैस नुकती व्यालेली, वैरण ढीगभर लागायची. आणि दांडा झिजलेला. दर दोन पेंढ्यांना आपोआप सटकून मधे यायचा. रूळ थांबायचे, की पुन्हा दांडा रेटा. सकाळी धुळाजी मेंढरं घेऊन गोदाकाठाकडं निघाला, तेव्हा तीच म्हणाली होती, ह्याचं कायतरी करा वो, माझा दिवस जातो निस्ता. त्यानं कुंपणाची तार तोडून आणली. दांड्याला तीन वेढे दिले, पकडीनं पीळ घातला, हिसका देऊन बघितला. "आता सटकणार न्हाई. बिनघोर कर," म्हणाला आणि शीळ घालत गेला.

हात गेला तेव्हा ती पुढं पडली नाही. कुणी पडत नाही. सगळ्या अंगानं मागं ओढलं तिनं, आणि डाव्या हातानं दांडा. दांडा हलला नाही. रोहिणी तेव्हा महिन्याची नवरी. कुडाशी भांडी घासत होती, ती किंचाळत धावली, तिनं बटण बंद केलं. चाक फिरतच राहिलं. पुढचं साखराबाईला आठवत नव्हतं.

बीडच्या दवाखान्यात शुद्ध आली तेव्हा धुळाजी खाटेजवळ बसला होता. "लखन म्हणला, दांडा मोकळा व्हता," तो म्हणाला. "मी इचारलं त्याला. दांडा मोकळा व्हता म्हणला. मग वढला कावून न्हाईस? डोळा लागला व्हता ना तुझा?" त्याच्या चेहऱ्यावर असं काही होतं की नाही म्हणायला तिची जीभ वळेना. मोकळा कसा असेल, असं तिच्या मनात आलं. पण समोरचा माणूस दोन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारा झाला होता. ती म्हणाली, "व्हय."

तो एक शब्द. त्याची पुढं गोष्ट झाली. पाहुण्यांत, पंचायतीच्या पारावर, सुकन्याच्या कॉलेजच्या वहीत. साखराला डोळा लागला. साखरा पेंगली. आणि पोरीनं पेंगणाऱ्या बाईसाठी मशीन केली होती. पेंगणारी बाई त्या शेडमध्ये कधी नव्हतीच.

बोललं तर नवरा मोडेल. नाही बोललं तर उद्या ही पट्टी करिष्माच्या दारात बसेल. पोरगी बिनघोर काम करील आणि एक दिवस मागं ओढील.

साखराबाईनं उंबरा ओलांडला.

"सुकन्या, परत लाव मशीन."

"आई, तू आत आलीस?"

"परत लाव म्हणते. बाही आत जाऊ दे. आन मग पुढं झुकू नकू. मागं वढ. जीव खाऊन वढ."

लखन झटकन उठला. "वैनी, कशाला? झालं की सगळं. चांगलं झालं."

"लाव गं."

सुकन्यानं आईकडे बघितलं, काकाकडे बघितलं आणि बटण दाबलं. बाही रूळांत गेली. तिनं दोन्ही हातांनी धरून मागं ओढली, टाचा रोवून ओढली. पट्टी तिच्या छातीपासून वीतभर लांब, तशीच उभी. बाही मनगटापर्यंत गेली, कोपरापर्यंत गेली. आतलं उसाचं कांडं कडाडलं. पात्यांनी निळ्या सदऱ्याच्या चिंध्या पलीकडे फेकल्या.

धुळाजीनं बटण बंद केलं. चाक सात फेरे मारून थांबलं. कुंपणापलीकडे करिष्मानं तोंडावर हात घेतला होता.

"पर…" सुकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "पर तू तर पुढं पडली व्हतीस ना?"

"न्हाई."

"म्हंजी?"

"मी जागी व्हते. मागं वढला हात. तुझ्यासारखाच."

धुळाजी पुढं आला. "काय बोलायलीस? जागी व्हतीस तर दांडा वढायचा. डाव्या हाताशी तर व्हता दांडा."

"वढला. हलला न्हाई."

"कावून हलला न्हाई? मोकळा व्हता की!"

साखराबाई मशीनकडे बघत म्हणाली, "मोकळा नव्हता. तारेनं बांधलेला व्हता."

साखराबाईला वाटलं होतं, एवढ्यावर त्याला आठवेल. तो खाली बसेल. पण माणसाचं मन जिथं जायचं नसतं तिथं जात नाही. धुळाजी गर्रकन वळला तो लखनकडे.

"बांधलेला व्हता? आन तू मला काय सांगितलंस? मोकळा व्हता म्हणलास ना? दवाखान्याच्या पायरीवर, माझ्या डोळ्यात बघून सांगितलंस!" त्यानं लखनची गचांडी धरली. "तूच बांधला व्हतास. तुझी मशीन, तुझा झिजका गिअर. तूच बांधलास आन तूच झाकलंस. बोल बे!"

"आप्पा, सोडा!" सुकन्या मधे पडली.

लखननं भावाचे हात सोडवायचा प्रयत्नही केला नाही. "व्हय," तो म्हणाला. "मीच बांधला व्हता."

"अवो!" रोहिणी ओरडली. "काय बोलायलात हे? नऊ वरसं झाली, अजून किती…"

"रोहिणी, गप बस."

"न्हाई बसत! खळ्यावरनं पळत येऊन तार तुमी कापलीत. माझ्यासमोर कापलीत. पकडीनं कापलीत तवा दांडा मागं झाला आन जाऊबाईंचा हात निघाला. ती तार तुमी खिशात घातली आन मला शपथ घातली, कुणाला बोलायचं न्हाई म्हून. बांधली असती तर…"

"गप म्हणलं ना!"

साखराबाईला दीर पहिल्यांदाच दिसल्यासारखा झाला. तार याच्या खिशात होती. तार कुणी बांधली असेल हे याला त्याच क्षणी कळलं होतं. घरात त्या सकाळी दुसरं होतं कोण? लखन तर आदल्या रात्रीपासून खळ्यावर होता. तरी यानं भावाला सांगितलं, दांडा मोकळा होता. आणि मग नऊ वर्षं भंगार मशीन आणणारा म्हणून शिव्या खाल्ल्या, वेगळा निघाला, तेलगावला जाऊन राहिला. आपण एकटीच हे ओझं वाहतोय असं ती समजत होती. दुसरं टोक यानं धरलेलं होतं.

आणि आता तो खोटा चोर व्हायला तयार झाला होता. आपण गप्प राहिलो तर हेही खपेल. धुळाजी भावाचं तोंड पुन्हा बघणार नाही, पण उभा राहील.

"सोडा त्यांना," ती म्हणाली.

"तू मधी पडू नकू."

"अवो, सोडा म्हणते. भावजींनी न्हाई बांधला दांडा." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुमी बांधला. सकाळी, मेंढरं काढायच्या आधी. मीच म्हणले व्हते तुमाला, कायतरी करा म्हून. तुमी कुंपणाची तार आणली. तीन वेढे दिले. बिनघोर कर म्हणलात."

धुळाजीचे हात लखनच्या गळ्याशी तसेच होते, फक्त त्यातला जोर गेला होता. तो काहीतरी आठवत होता हे दिसत होतं. त्याची उजवी मूठ, पकड धरून पीळ घालावा तशी, आपसूक वळली.

"मी आल्यावर बघितलं," तो पुटपुटला. "रातच्याला येऊन बघितलं पयलं. तार नव्हती. मला वाटलं, तू सोडली आसशील. मला वाटलं…" त्यानं लखनकडे बघितलं. "तू मोकळा म्हणलास."

"काय म्हणणार व्हतो दादा?" लखन म्हणाला. "तू पायरीवर डोकं आपटून घेत व्हतास. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिशी हिरीत उडी घेतली असती."

धुळाजी कुणाकडे न बघता बाहेर गेला. भिंतीची काठी उचलली. थोड्या वेळानं मेंढरांच्या गळ्यातल्या घंट्यांचा आवाज ओढ्याच्या दिशेनं गेला आणि तेवढ्यात लाईट गेली.

*

साखराबाई धावत निघाली होती. लखननं तिला अडवलं. "वैनी, तुमी थांबा. मी जातो मागनं. लांबनं बघतो." तो गेला. अर्ध्या तासानं परत आला आणि सांगितलं, ओढ्याच्या चढावर चिंचेखाली बसलाय, कुत्रं जवळ हाय, मेंढरं चरायलेत. दर तासाला तो असा जाऊन बघून येत होता.

सुकन्या शेडमध्ये जमिनीवर बसून होती. वहीची पानं तिनं समोर पसरली होती आणि एकाही पानाकडे ती बघत नव्हती. "माझ्यामुळं झालं," ती म्हणाली. "मी काढली नसती मशीन तर कायबी झालं नसतं."

साखराबाई तिच्याजवळ बसली. "रडून घे. पर उद्या सर येणारेत."

"काय दाखवू सरांना? चुकीचं हाय सगळं."

"मग बराबर कर."

"मला मालूमच न्हाई खरं काय झालं ते. सांगशील?"

नऊ वर्षांत कुणी असं विचारलं नव्हतं आणि तिनंही सांगितलं नव्हतं. साखराबाई उठली, मशीनपुढं उभी राहिली. लाईट नव्हती, तरी रूळांजवळ जाताना अंगावर काटा आला. उजवा हात तिनं हवेतच पुढं केला. "असा गेला. मग मी अशी मागं झाले. सगळं वजन मागं. डावा हात दांड्यावर." ती थांबली. अंगाला आठवत होतं, डोक्याला नव्हतं. तिचा उजवा पाय आपोआप उचलला गेला आणि गुडघा मशीनच्या पुढच्या पत्र्यावर दाबला गेला. "आन हा पाय. मी पायानं रेटा दिला मशीनीला. लई जोरात. गुडघा निळा झालता, महिनाभर निळा व्हता. कुणी बघितला न्हाई, सगळे हाताकडंच बघायले."

सुकन्या उठून उभी राहिली. तिनं आईचा गुडघा जिथं टेकला होता तिथं खडूनं रेघ मारली. "परत कर," ती म्हणाली. मग रोहिणीला उभं केलं, "काकू, मी तुमचा हात वढते, तुमी सुटायला बगा." तिनं रोहिणीचं मनगट धरून पन्हळीकडे खेचलं. रोहिणीनं मागं अंग टाकलं आणि पाय थेट पत्र्यावर लावला. रेघेच्या चार बोटं खाली.

"मागं वढायचं तर पाय लावावाच लागतो," सुकन्या हळूहळू म्हणाली. "पट्टी छातीपाशी न्हाई पायजे. खाली पायजे. आन रुंद. गुडघा लागू दे न्हाईतर पाऊल, कुठंबी लागू दे."

लखन दारात उभा होता. पहिल्यांदाच तो मशीनजवळ आला, वाकून केबल बघितली. "ही केबल पुरणार न्हाई तिथवर. आन पत्र्याला बिजागरी लागंल." तो जरा घुटमळला. "गावातल्या शिवशंकरकडं वेल्डिंग मशीन हाय ना अजून? चारला लाईट येती. तवर कापून ठिवतो."

दुपारभर हातोड्याचे आवाज येत राहिले. साखराबाईनं सगळ्यांना भाकरी वाढली; धुळाजीच्या वाटणीची फडक्यात बांधून लखनच्या हाती दिली. त्यानं ती चिंचेपाशी ठेवली आणि परत आला. "खाल्ली का?" तिनं विचारलं. "कुत्र्याला घातली," तो म्हणाला. "पर पाणी पिला."

*

दिवस कलला तेव्हा मेंढरं परतली. धुळाजीनं ती वाघरात घातली, मोजली, एक लंगडं कोकरू उचलून आईपाशी सोडलं. रोजचं सगळं केलं. मग शेडच्या दारात येऊन उभा राहिला. दाढीचे खुंट ओले होते.

लखननं हातातला हातोडा खाली ठेवला.

"झाली का?" त्यानं सुकन्याला विचारलं.

"झाली. दोनदा थांबली. तिसऱ्यांदा केबल सटकली, ती काकांनी बदलली. अजून एकदा बगायचंय."

"मी बगतो."

नवी बाही भरलेली होती. या वेळी लखनच्या सदऱ्याची. धुळाजीनं ती धरली. मशीन सुरू झाली. त्यानं बाही रूळांत दिली आणि रूळांनी ती धरल्याबरोबर सगळ्या ताकदीनं मागं ओढली. अशी ओढली की मानेच्या शिरा टरारल्या, तोंडातून आवाज निघाला, आणि पाय धाडकन खालच्या पट्टीवर बसला. रूळ सुटले. चाक थांबलं. बाही अखंड त्याच्या हातात आली आणि तो तोल जाऊन दोन पावलं मागं धडपडला.

लखननं त्याला धरलं. धुळाजीनं हात झटकला नाही.

सुकन्यानं बाहीवरचे वण मोजले, बोटानं अंतर मापलं. "दीड इंच," ती म्हणाली. "बोटांची टोकं चेंगरतील. अजून कमी करावं लागंल. पर हात वाचंल."

"टोकं," धुळाजी म्हणाला. बाही त्यानं मशीनवर ठेवली. मग भावाकडे न बघताच म्हणाला, "जेवून जा. रोहिणी, भाकरी कर तू. तिला बसू दे आज."

लखन "व्हय" म्हणाला की नाही ते कुणाला ऐकू आलं नाही. तो पाने-हातोडे गोळा करायला लागला. सुकन्या कुंपणाकडे गेली. करिष्मा पुन्हा तिथं येऊन उभी होती आणि तिला सगळं पुन्हा, अगदी पहिल्यापासून, नीट समजावून सांगायचं होतं.

धुळाजी आणि साखराबाई शेडमध्ये दोघंच उरले. तो तिच्या शेजारी कडब्याच्या पेंढीवर बसला. तिचा उजवा हात मांडीवर पडला होता. त्यानं तो उचलला. नऊ वर्षांत त्यानं या हाताला औषध लावलं होतं, पट्ट्या बांधल्या होत्या, पण असा हातात घेऊन कधी बसला नव्हता. मुळाशी जिथं बोटं असायची तिथून त्यानं अंगठा फिरवला.

"साखरा," तो म्हणाला, "लई दुखलं का गं?"

ती नेहमीसारखी न्हाई म्हणणार होती. न्हाई वो, तवा कळलंच न्हाई, असं म्हणायची सगळ्यांना. शब्द ओठांपर्यंत आलाही.

"व्हय," ती म्हणाली. "लई."

आणि मग ती त्याला सांगू लागली.